मेंदूच्या आत धाकटी

सोफे शिवणाऱ्या दोघी जावांना विज्ञान केंद्राने मेंदू शिवायला सांगितला, तेव्हा थोरली म्हणाली, "स्वतःचा ताळ्यावर ठेवताना नाकी नऊ येतात, त्यात आणखी एक!" पण काम घेतलं. मुलांना आत रांगता येईल एवढा मेंदू हवा होता. लाकडी सांगाडा, त्यावर फोम, वर गुलाबी कापड.

तो कसा शिवायचा हे दाखवायला केंद्रातल्या बाई कारखान्यात आल्या. त्यांनी एक चादर चुरगाळून पातेल्यात कोंबली. "जागा थोडी, पसारा फार. म्हणून मेंदूला इतक्या घड्या." मग धाकटीकडून त्यांनी उशीएवढा एक लांबट गोळा शिवून घेतला. "खऱ्या डोक्यात हा बदामाएवढा असतो. संकट दिसलं की आधी हा ओरडतो, विचार मागाहून येतो."

धाकटीला वेडच लागलं. घडी शिवायला घेतली की विचारायची, हिचं काम काय? शेवटी बाई म्हणाल्या, "तुम्ही केंद्रातच या. मुलांना असंच शिवत शिवत मेंदू शिकवा."

थोरलीने हे ऐकलं आणि अबोला धरला.

काम मात्र दोघींशिवाय होणारं नव्हतं. थोरली बाहेरून लांब सुई खुपसायची, धाकटी आत बसून ती ओढायची आणि परत पाठवायची. दिवसभरात एवढीच काय ती देवाणघेवाण.

मेंदू काम सोयीचं व्हावं म्हणून आडवा केला होता, त्यामुळे मुलांसाठी ठेवलेलं दार जमिनीला टेकलं होतं. ये-जा वरच्या उघड्या शिवणीतून चालायची. एका दुपारी थोरलीने तीच शिवण बंद केली. धाकटी बाहेर पडली असेल असं तिने गृहीत धरलं. विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं.

आत अंधार झाला. "ताई!" धाकटी ओरडली. फोमने आवाज गिळून टाकला. कात्री बाहेर राहिली होती. पाय पसरायला जागा नव्हती, नव्या कापडाच्या वासाने जीव गुदमरत होता. तो बदाम नेमका पाठीत रुतत होता. बाईंचं बोलणं तिला शब्दन्‌शब्द आठवलं, पण म्हणून भीती काही कमी झाली नाही. नखांनी फोम फाडता आला असता. पण दोघींची सगळी मेहनत मातीमोल झाली असती. हात पुढे जाई आणि मागे येई.

थोरली चहा पिऊन परतली आणि शिवण पक्की करायला तिने सुई खुपसली. आत सुईचं टोक दिसताच धाकटीने ते घट्ट धरलं. बाहेरून हिसका बसला. पुन्हा बसला.

"कोण आहे आत?" थोरलीने शिवणीला कान लावून विचारलं.

"मी आहे, ताई!"

"अगं बाई! तू आत कशी?"

"तुम्हीच शिवलंत की! कापा लवकर, श्वास कोंडतोय."

कात्री उघडल्याचा आवाज आला. कापल्याचा मात्र आला नाही.

"त्या बाईंकडे जाणार आहेस का?" थोरलीने विचारलं.

"ताई, आधी कापा."

"आधी सांग. तू गेलीस तर या घरात मी कोणाशी बोलू गं? दोघे भाऊ जेवायला तोंड उघडतात, तेवढंच."

धाकटीला तिची दया आली आणि रागही आला. यातलं आधी काय आलं, ते तिला कळलं नाही. घामाने हातातली सुई निसटत होती.

"नाही जाणार," ती म्हणाली.

खर्रकन टाके तुटले. थोरलीने तिला काखेत हात घालून वर ओढलं, पदराने तिचं तोंड पुसलं, पाणी पाजलं आणि बडबडत राहिली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं ओतलं.

मेंदू केंद्रात उभा राहिला. मुलं दारातून रांगत आत शिरून किंचाळत बाहेर पडत होती. बाईंनी धाकटीला विचारलं, "मग कधीपासून येताय?"

थोरली शेजारीच उभी होती.

"कारखान्यात काम फार आहे हो," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्यांच्या गाद्या आल्या. दोघी समोरासमोर मशीनवर बसल्या. थोरली दिवसभर बोलत होती. धाकटी "हं, हं" करत शिलाई मारत राहिली.