वैशाखातली शेगडी

माकडांनी कौलं फोडून फोडून जीव नकोसा केला, म्हणून माझ्या धाकट्या दिरानं, विनोदनं, घरावर पत्रे चढवले. पत्रे चढवले आणि ऐन वैशाखात त्याची बायको कविता बाळंत झाली. त्याच्या अकलेबद्दल मी जास्त बोलत नाही, कारण गावात जीप त्याचीच आहे आणि मला बाजाराला जावं लागतं.

आमचं गाव अणशीच्या खाली, घाट उतरू लागतो तिथं. समुद्र दिसत नाही, पण त्याची ओल दऱ्या चढून वर येते. या दिवसांत डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, धुतलेलं लुगडं वाळत नाही, आंघोळ करून अंग पुसता पुसताच माणूस पुन्हा भिजतो. ढग रोज जमतात, आम्हाला बघून घेतात आणि निघून जातात.

माझी सासू फुला. आम्ही तिला आत्ती म्हणतो. आसपासच्या वाड्यांवर कुणी बाळंत झालं की तिलाच बोलावणं येतं. तिचा कायदा ठरलेला. खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी, कानाला फडकं, अंगावर वाकळ, दार बंद, आणि पाणी म्हणजे ओवा घालून उकळलेले दोन घोट. बाराव्या दिवसापर्यंत त्या खोलीत तिच्याशिवाय कुणी पाऊल टाकायचं नाही. पावसाळ्यात, कुडाच्या गळक्या घरांत, या शेगडीनं पोरी वाचल्या असतील. मी नाही म्हणत नाही. पण आता पाऊस नव्हता आणि वर पत्रा तापला होता.

"आत्ती, आज तरी शेगडी ऱ्हाऊ दे," मी म्हटलं. "हितं बाहेर बसून जीव जायला लागलाय."

"तुला काय कळतंय? ओलं अंग हाय तिचं. वारं लागलं की संपलं."

मला मूल नाही. आत्ती ते तोंडानं कधी बोलली नाही, पण "तुला काय कळतंय" मध्ये ते बरोबर बसतं. मी चरफडत चुलीकडं गेले.

कविता भिंतीपलीकडून हाका मारायची, "अक्का, पाणी." तांब्या घेऊन गेले की आत्ती दारातच तो काढून घ्यायची. कविताची आई कधीच वारलेली, म्हणून पोरगी बाळंतपणाला माहेरी खानापूरला गेली नव्हती. माझ्याशिवाय हाक मारायला तिला होतंच कोण?

त्या दुपारी हाका थांबल्या. "शेक मानवला बघ, गाढ झोपली," म्हणत आत्ती धुणं घेऊन व्हाळावर गेली. मग बाळ रडू लागलं आणि रडतच राहिलं. कुणी उचलेना. मी कायदा उंबऱ्यावर ठेवला आणि आत शिरले.

आत श्वास घेववत नव्हता. मी दारातच घामानं निथळले. बाळाला उचललं, तेही भिजलेलं. कविताच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला, आणि कपाळ कोरडं. मान कोरडी, पाठ कोरडी. तिनं डोळे उघडले आणि मला म्हणाली, "आई."

मी इतकी घाबरले की बाळाला काखेत धरूनच ओरडत ओसरीवर आले. तेवढ्यात आत्ती परतली. तिनं आत जाऊन सुनेच्या अंगाला हात लावला. "तापलीय! थंडी बाधली. आणि एक वाकळ आण."

मी वाकळ आणली नाही. बाळ तिच्या हातात दिलं, खाटेखालची शेगडी कपड्यानं धरून ओढली आणि अंगणात उपडी केली. विनोद ओसरीवर बनियनवर उभा होता, कधी आईकडं बघत, कधी माझ्याकडं.

"जीप काढ," मी म्हटलं.

आत्ती दारात आडवी झाली. "बाराव्याच्या आत बाळंतीण उंबरा ओलांडणार न्हाई."

"मग तिरडीवरनं ओलांडंल!"

असलं अभद्र आमच्या घरात कुणी बोलत नाही. विनोद हलला तो त्या शब्दानं. आईला बाजूला करून त्यानं बायकोला उचललं. मी वाटभर ओल्या फडक्यांनी तिचं अंग पुसत होते. आत्ती बाळाला घेऊन मागं बसली होती.

जोयड्याच्या सरकारी दवाखान्यात सलाईन लावलं, काखेत बर्फ ठेवला. "घामच बंद झाला होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी उशीर झाला असता तर हाती लागली नसती." दिवस मावळायच्या सुमाराला कविताच्या ओठावर घाम फुटला. मी देवाचं नाव घेतलं आणि बाहेर बाकावर येऊन बसले. आत्तीशी भांडायचं सगळं भांडण तोंडात तयार होतं.

ती भिंतीकडं बघत होती.

"गुणाला पण घाम न्हवता," ती म्हणाली.

गुणा तिची लेक, माझी नणंद. मी या घरात यायच्या आधीच पहिल्या बाळंतपणात गेली. बाहेरचं वारं लागलं, असं सगळे सांगतात.

"आदल्या दिवशी सारखी पाणी मागत व्हती. मग गप झाली. मी म्हटलं, शेक मानवला." तिनं माझा हात धरला. "सुमंगला, तू तोंडावर बोलतीस. खरं सांग. माझ्याच हातनं गेली व्हय ती?"

माझ्या जिभेला सगळं घर भितं. त्या वेळी खोटं बोलावं असं आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं. मी तोंड उघडलं आणि मला रडूच फुटलं. आत्तीला तेवढ्यानं कळलं.