एक वीत पाणी

"नऊ फूट दोन," तुळशीराम फोनवर म्हणाला. "आनी चढतंय."

"इतक्या लवकर?" पलीकडं मृणाली मॅडमचा कीबोर्ड खडखडला. "काका, फोन ठेवू नका."

तुळशीराम बांधावर उभा होता. समोर खाडीत फूट-इंचांचे पट्टे रंगवलेला लोखंडी खांब, मागे बंदरपाड्याची बेचाळीस घरं, त्यांच्यामागे हाकेच्या अंतरावर गोदामं. सव्वीस वर्षं तो खांबावरचं पाणी वाचून बंदर खात्याच्या ऑफिसला कळवत होता. ऑफिस कॉम्प्युटरवर पुढच्या भरतीचा अंदाज काढायचं, तो त्याच्या आकड्यांशी ताडायचं आणि फोन करून तुळशीरामलाच सांगायचं. आज अमावास्या, दुपारी बाराची भरती, आणि समुद्रात वादळ.

"कॉम्प्युटर म्हणतोय चौदा फूट पाच," मृणाली म्हणाली.

बांध चौदा फुटांचा होता. तुळशीरामनं मागं वळून पाहिलं. एक बाई दारात बसून लेकीच्या डोक्यातल्या उवा काढत होती.

"पण तुमच्या खाडीत नऊ इंच वजा धरायचे. म्हणजे तेरा-आठ. पाडा हलवायची गरज नाही."

हे नऊ इंच ऑफिसात प्रसिद्ध होते. अकरा वर्षं कॉम्प्युटरच्या आणि तुळशीरामच्या आकड्यांत नेमका तेवढाच फरक पडत होता. दोनदा कॉम्प्युटर बदलला. शेवटी एका शास्त्रज्ञानं शोध लावला, की इथली खारफुटी, म्हणजे तिवरं, पाणी अडवतात. त्यावर परिसंवाद झाला. पुढं निम्मी तिवरं गोदामांच्या भरावाखाली गेली तरी नऊ इंच कमी झाले नाहीत. पुढच्या परिसंवादात तिवरांच्या चिकाटीचं विशेष कौतुक झालं. तुळशीरामला शाल-श्रीफळ मिळालं.

त्या सत्काराच्या खुर्चीत बसल्यावरच त्याच्या ध्यानात आलं होतं.

अकरा वर्षांपूर्वी बांधावर रिव्हर्स घेणाऱ्या एका कंटेनर ट्रकनं तो खांब आडवा केला होता. चौकशी नको म्हणून तुळशीरामनं आणि ड्रायव्हरनं ओहोटीत तो पुन्हा उभा केला. खाडीत खांब रोवायचा तर बुडाशी दगड द्यायचा, नाहीतर चिखल खांब गिळतो, हे पाड्यात कुणीही सांगेल. तुळशीरामनं चांगला घडीव दगड दिला, वीतभर उंच. काम इतकं पक्कं झालं की खांब पुन्हा हलला नाही. फक्त तो वीतभर वर जाऊन बसला, आणि तेव्हापासून पाणी वीतभर कमी दिसू लागलं.

"काका? ठेवू का?"

चहा घेऊन आलेली कमळ, त्याची बायको, सगळं ऐकत होती. दगडाचं तिला ठाऊक होतं.

"सांग तिला," ती म्हणाली.

"रिटायर व्हाला सव्वा वरीस रेलाय."

"मंग पाड्याला सांग, सव्वा वरीस बुडू नका म्हनून."

तुळशीरामनं फोन पुन्हा कानाला लावला. "मॅडम, तिवरांनी काय क्येलं न्हाय. खांबाखाली दगड हाय. मीच ठेवलाय."

मृणालीचा कीबोर्ड थांबला.

"केवढा?"

"वीतभर."

"कुणाची वीत?"

"माजी."

"मोजा."

कमळनं शिवणाची टेप आणली. त्यानं पंजा ताणला.

"नऊ इंच," तो म्हणाला.

"अहवालात तिवरांवर चाळीस पानं आहेत," मृणाली हळू आवाजात म्हणाली. मग तिचा आवाज बदलला. "पाडा रिकामा करा, लगेच. मी वर कळवते. आणि काका, तुम्ही बोललात ते मला लिहावं लागेल."

"लिवा."

पाडा हलायला दोन तास लागले. सगळ्यांना गोदामाच्या माल चढवायच्या उंच धक्क्यावर न्यायचं होतं. एका म्हातारीला कापडाच्या ताग्यांच्या हातगाडीवर बसवलं, तर तिनं भाडं ठरवल्याशिवाय गाडी हलू दिली नाही. लूमवरची रात्रपाळी करून आलेला एक कामगार दारातून हलेना.

"चाचा, सोने दो. ग्यारह साल में कभी पानी आया?"

"ग्यारह साल मैंने कम बताया," तुळशीराम म्हणाला.

कामगारानं त्याच्याकडं पाहिलं आणि गादी गुंडाळली.

बाराच्या सुमाराला पाणी बांधावरून आत उतरलं. तुळशीराम बांधावर घोटाभर पाण्यात उभा होता. फोन वाजला. आवाज मृणालीचा नव्हता.

"तुमचं रीडिंग आजपासून ग्राह्य धरायचं नाही, असा आदेश आहे."

"बरं साहेब."

"समजलं ना?"

"समजलं."

त्यानं फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात ठेवला. पाड्यातल्या घरांत पाणी शिरत होतं. कुणाचंसं पातेलं दारातून सावकाश बाहेर आलं. खांबावर तेरा फूट सात दिसत होतं. त्यानं बोटांवर नऊ इंच मिळवले.

"चौदा फूट चार," तो सवयीनं मोठ्यानं म्हणाला, आणि कुणाला सांगतोय हे न कळून गप्प झाला.

धक्क्यावरून कमळची हाक आली. "किती?"

"चौदा-चार."

रात्रपाळीवाल्या कामगारानं कापडाच्या गाठी मोजायचा खडू उचलला आणि गोदामाच्या शटरवर आकडा लिहिला. पंधरा मिनिटांनी त्याच्याखाली चौदा-पाच लिहिला. मग खडू तसाच शटरवर टेकवून तो थांबला. धक्क्यावर बेचाळीस घरांतली माणसं बांधाकडं तोंड करून उभी होती. कुणी बोलत नव्हतं, पुढचा आकडा ऐकू यावा म्हणून.