मागे राहणारा ठोका

"हात वर घ्या," फिजिओथेरपीवाली म्हणाली आणि दादाने डावा हात वर घेतला.

"उजवा."

"तोही जातो," असं म्हणत त्याने डावाच आणखी ताणून दाखवला. ती बाई माझ्याकडे बघायला लागली. मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. तक्त्यावरची अक्षरं पाठ करून येणारे महाभाग रोज बघते, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, राग मात्र आला. साठीला टेकलेला माणूस, आणि लबाडी शाळकरी पोराची. मी त्याचा उजवा हात धरून उचलला. खांद्यापर्यंत आला आणि तिथेच दादाचा चेहरा पांढराफटक पडला. तरी तोंड चालूच होतं, "बघ, गेला की नाही?"

कार्यक्रम तोंडावर आला होता. त्याचा जुना बँड अर्ध्या आयुष्यानंतर पुन्हा एकत्र वाजवणार होता. फिजिओथेरपीवालीने स्पष्टच सांगितलं, ड्रमचं पुढच्या वर्षी बघू. दादाने तिचे मनापासून आभार मानले आणि जिना उतरताना मला म्हणाला की बाई हुशार आहे, पण तिला रॉक कळत नाही.

आमची आई त्याला भिंगरी म्हणायची. जेवायला बसला तरी त्याचा एक गुडघा हलत राहायचा, गुडघ्याबरोबर टेबल, आणि टेबलाबरोबर आमचे सगळ्यांचे पेले. पुढे त्याने लिफ्ट दुरुस्तीचं काम धरलं ते त्याला शोभेसंच होतं, दिवसभर वरखाली. मग एका जुन्या इमारतीत अडकलेला दरवाजा ओढताना खांदा गेला आणि कंपनीने त्याला तक्रारींचे फोन घ्यायला खुर्चीवर बसवलं. त्यापेक्षा तुरुंगात टाकलं असतं तर बरं, असं वहिनी म्हणते. घरी आला की आधी जिन्याच्या फेऱ्या, मग चहा, आणि चहाही उभ्यानेच.

हा असला माणूस ड्रमवर बसला की मात्र निवांत व्हायचा. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एक पातळ भिंत होती. पलीकडे तो वाजवायचा, अलीकडे मी अभ्यासाचं सोंग घेऊन ऐकायची. बाकीचे ठोका वेळेवर टाकतात, दादा तो केसभर मागे ठेवायचा. चुकला म्हणावं तर चुकत नसे. दारावर ओळखीचा पाहुणा आलाय आणि आपण उठलोय, पण धावत नाही, तसं काहीतरी. त्याच्या भिंतीवर परदेशी ड्रमरांचे फोटो होते. एक घणाने दगड फोडावा तसा वाजवणारा, एक डोळे मिटून, ओठात सिगारेट धरून. कोण थोर यावरून तो जेवण सोडून भांडायचा. त्याचं माप एकच होतं: घाई करतो की नाही. स्वतः मात्र बुटाची नाडी बांधण्याइतका वेळही त्याला नसायचा.

बँडमध्ये तिघं. गिटारवाल्याला सगळे मालक म्हणायचे, कारण आवाज मोठा करणारा अँप भाड्याचा असला तरी हा रुबाब मालकीचा करायचा. त्या एकाच अँपमध्ये गिटार, बेस आणि गाण्याचा माइक असं सगळं घुसवलेलं असायचं. अँप जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हचा, तापायला वेळ घ्यायचा. थंडीत मालक त्याच्यावर स्वतःचा कोट घालायचा आणि कुडकुडत गायचा. बेसवाला मुका. बोलता यायचं त्याला, पण बोलायचा नाही. मी ड्रमबरोबरच्या थाळ्यांचे, म्हणजे सिंबलचे, स्टँड उचलायला जायची आणि मग कार्यक्रमभर बाजूच्या पडद्याशी उभी राहायची.

एका कॉलेजच्या मैदानावर ऐन गाण्यात बत्ती गुल झाली होती. गिटार मेली, बेस मेला, मालकाचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही पोचेना. ड्रमला वीज लागत नाही. दादा अंधारात एकटा वाजवत राहिला, तोच ठोका, ना कमी ना जास्त. आधी लोक ओरडत होते, मग हळूहळू त्याच्या ठोक्यावर टाळ्या पडायला लागल्या, सगळ्या मैदानाच्या. वीज आली, अँप पुन्हा तापला, तेव्हा मालक बरोबर समेवर गाण्यात परत शिरला. मला तेव्हा रडू आलं होतं आणि का ते मी कोणाला सांगितलं नाही. त्या रात्रीमुळे हा बँड लोकांच्या लक्षात राहिला आणि मालक आजही ती गोष्ट सांगतो. हल्ली त्याच्या गोष्टीत ड्रमपेक्षा अँप जास्त असतो.

मालकाची आता फर्निचरची दुकानं आहेत. घरी एक खोली नुसती गिटारींची, भिंतीवर ओळीने टांगलेल्या, हवेतला ओलावा मोजायचं यंत्र लावलेलं. पायाशी आवाज बदलायच्या पेडलांची एवढी मोठी फळी की वाजवतोय की शिलाई मशीन चालवतोय कळत नाही. सूर चुकला की तो कुठल्यातरी पेडलकडे रागाने बघतो. नाचता येईना, अंगण वाकडं. पण कार्यक्रम जमवला त्यानेच, हे मान्य करायला हवं. फोन आला त्या दिवशी दादा बसायचं विसरला, म्हणजे एरवीही बसत नाही, पण त्या दिवशी बोलता बोलता घराबाहेर पडला आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत चपला न घालता गेला.

"एकदा वाजवायचंय," रात्री तो मला म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधे न थांबता. मग खांदा काढून कपाटात ठेव म्हणालीस तरी ठेवीन."

सरावाला मीच गाडी चालवत त्याला न्यायची. दुसऱ्याच दिवशी तो मधे थांबला. हात गळ्यात बांधल्यासारखा पोटाशी धरून बसला आणि गंमत म्हणून डाव्या हाताने पाणी प्यायला. मालक समजुतीने म्हणाला, होतं असं, सावकाश घे. त्यानंतर मालक फारच गोड वागायला लागला. सगळ्यांच्या कानात घालायला हेडफोन आले, त्यात ठेक्याची टकटक. दादाला ती आवडेना, त्याचं म्हणणं, मी असताना घड्याळ कशाला. हल्ली सगळेच वापरतात, असं त्याला समजावलं गेलं. नवा साउंडवाला आला, ड्रमच्या प्रत्येक भांड्याला वेगळा माइक लागला. एवढा मान आपल्याला कधी मिळाला नव्हता, असं दादा वहिनीला सांगत होता.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बंद पडलेल्या गिरणीचं ते सभागृह भरून गेलं. टक्कल पडलेली, चष्मा लावलेली, जुने टी-शर्ट पोटावर ताणून घातलेली माणसं. मी माझ्या जागी उभी राहिले, बाजूच्या पडद्याशी. पहिलं गाणं सुरू झालं. दादा वाजवत होता. दात आवळून, पण खरं वाजवत होता.

आवाज तेवढा विचित्र येत होता. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू यायचा. एक मोठा, समोरच्या स्पीकरमधून, आणि त्याच्या किंचित मागून एक बारीक, माझ्या शेजारून, ड्रमवरून. उंच छताची जागा आहे, घुमत असेल, असं मी मनाला सांगितलं.

दुसऱ्या गाण्यात दादाचा उजवा हात मोठ्या सिंबलकडे गेला आणि अर्ध्या वाटेत अडकला. स्टिक हवेतच राहिली. आणि सिंबल वाजलं. सभागृहभर, झणझणीत, अगदी वेळेवर. माझ्या समोर ते सिंबल आपल्या स्टँडवर गप्प उभं होतं, जराही डुलत नव्हतं.

दादानेही ते पाहिलं. पुढच्या ओळीत त्याने मुद्दाम एक ठोका गाळला. तो ठोकाही वाजला. त्याने एका कानातला हेडफोन काढला, मान तिरकी करून थोडा वेळ समोरचा आवाज ऐकला, आणि हेडफोन परत घातला. मग तो वाजवत राहिला. तिसरं गाणं, चौथं गाणं, एकही ठोका न सोडता, सगळं त्याच्या पद्धतीने, मागे राहून, आणि त्यातलं काहीही पहिल्या रांगेपर्यंत पोचत नव्हतं. मला जाऊन मालकाच्या त्या पेडलांच्या फळीवर उभं राहावंसं वाटलं. सरळ वायरी उपटाव्यात. पण दादा वाजवत होता, आणि त्याचा कार्यक्रम मी कसा मोडणार?

शेवटच्या गाण्यात एक जागा आहे, तिथे सगळे थांबतात आणि एकटे ड्रम वाजतात. लोक तिचीच वाट बघत आले होते. मालक थांबला, मुका थांबला. दिव्यांचे झोत धुरातून गरगरायला लागले. दादाने दोन्ही स्टिक मांडीवर ठेवल्या, हात गुडघ्यांवर ठेवले आणि ताठ बसून राहिला.

ड्रम वाजले. फार सुरेख वाजले, खोटं कशाला बोलू. भराभर, स्वच्छ, एक कण इकडेतिकडे नाही. समोर लोक उभे राहून शिट्ट्या मारत होते. सिंबलांच्या रांगेमागे त्यांना दादाचं फक्त कपाळ दिसत असणार. मालकाने वळून पाहिलं, त्याला पूर्ण दिसलं. त्याने मान खाली घातली आणि गिटारीची एक खुंटी पिळत राहिला, तार सुरात असूनही. दादा समोर बघत होता. एवढा वेळ न हललेला दादा मी जन्मात पाहिला नव्हता.

नंतर मागच्या खोलीत मालक घाईघाईने त्याच्यापाशी आला. "तुझ्या खांद्यासाठीच केलं रे. मधे हात गेला असता तर तुलाच वाईट वाटलं असतं."

दादा सिंबल कापडात गुंडाळत होता. "कोणी वाजवलंय?"

कोणी एक तरुण पोरगा होता, दुसऱ्या शहरातला. सरावाच्या दिवसांतच त्याच्याकडून सगळं रेकॉर्ड करून घेतलं होतं. मुका भिंतीकडे तोंड करून बेस पेटीत ठेवत होता, आणि बराच वेळ ठेवत होता.

"चांगला हात आहे," दादा म्हणाला. "त्याचं नाव सांगायला हवं होतंस स्टेजवरून."

मालक खाली वाकून वायर गुंडाळायला लागला. तेवढ्यात दारातून लोक आत आले, हात मिळवायला, फोटो काढायला. दादाने सगळ्यांशी हात मिळवले, डाव्या हाताने. एक बाई गर्दीतून वाट काढत आली. त्या कॉलेजच्या मैदानावर ती होती म्हणे, तेव्हा शिकत होती. आजचे एकट्याचे ड्रम ऐकून तेव्हासारख्याच टाळ्या वाजवल्या, असं तिने सांगितलं आणि लाजत विचारलं, आठवण म्हणून एक स्टिक मिळेल का.

दादाने स्टिक हातात घेतल्या आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"या नका नेऊ, ताई," तो म्हणाला. "आज यांनी वाजवलेलं नाही."

हा विनय आहे असं समजून ती हसली, बाकीचेही हसले. दादाही त्यांच्यात थोडं हसला. मग त्याने स्टिक पिशवीत टाकल्या, चेन लावली आणि पिशवी उचलून उजव्या खांद्याला अडकवली. मी पुढे झाले, दार उघडून धरलं, पण पिशवी मागितली नाही.