स्पीडवेल

आई गेल्यावर सहा महिन्यांनी नीलांबरीने बाळासाहेबांना न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला आपल्याकडे आणलं. २०१४चा सप्टेंबर होता. आणलं खरं, पण वडिलांशी ती कामापुरतंच बोलायची. त्यांनी आईला तपासणीसाठी रिक्षाने एकटीला जाऊ दिलं आणि ती तिथेच, दवाखान्याच्या बाकावर गेली, हे काही केल्या तिच्या मनातून जात नव्हतं.

त्या शनिवारी 'ते रापा' या उपनगरातल्या फार्मसीतलं काम संपवून ती परतली, तर लॉन अर्धंच कापलेलं. मोअर मधेच बंद पडल्यासारखा उभा आणि बाळासाहेब गवतात बसलेले.

"काय झालं बाबा? दमलात?"

"नाही गं. ही फुलं मधे आली." निळी, नखाएवढीसुद्धा नव्हती. "पलीकडच्या जोनबाईंना नाव विचारलं. स्पीडवेल म्हणाल्या. मी म्हटलं, एवढ्याशा फुलाला कसला आलाय स्पीड? तर हसल्या. जुन्या इंग्रजीत स्पीड म्हणजे भलं होणं म्हणे. प्रवासाला निघालेल्याच्या कोटाला हे फूल लावायचे. नीट जा, तुझं भलं होवो, अशा अर्थानं."

"छान आहे," म्हणत ती घराकडे वळली.

"तुझी आई दारातून 'येते हं' म्हणाली होती."

नीलांबरी थांबली.

"मी पेपर वाचत होतो. नुसतं 'हं' केलं. सावकाश जा, एवढंही म्हटलं नाही. दूधवाल्याला रोज म्हणायचो." त्यांनी एक फूल खुडलं. देठ चिमटीत राहिला, फूल गळून पडलं.

'तुम्ही सोबत का गेला नाहीत?' हे वाक्य तिने सहा महिने जपून ठेवलं होतं. आता ते ओठांवर येईना. तिने विचारलं, "कुठली साडी नेसली होती?"

बाळासाहेब बराच वेळ आठवत राहिले.

"मी वर पाहिलंच नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले.

ती त्यांच्याजवळ गवतात बसली. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला होता, काउंटरवर गर्दी होती म्हणून आपण तो कट केला आणि नंतर करायचा विसरलो, हे तिने त्यांना सांगितलं. आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

ऊन उतरलं, गवत गार पडलं, तरी दोघं तिथून उठले नाहीत.