कडीचं बटण

सांगलीत कापडपेठेच्या मागच्या बोळात जोतिबा मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं. तिथं साधे कपडे शिवायला कुणी येत नसे. मास्तर शिवायचे ते गणवेश: बँडवाल्यांचे लाल कोट, कुपवाडच्या कारखान्यांतल्या वॉचमनचे खाकी, शाळांच्या शिपायांचे पांढरे. जाई सोळाव्या वर्षी काजं-बटणं करायला म्हणून तिथं लागली आणि सहा वर्षांत कातरीच्या टेबलापर्यंत पोचली. हाताला चलाख, तोंडाला त्याहून. बँडवाले माप द्यायला आले की पोट आत ओढून उभे राहत. जाई टेप लावून म्हणायची, "श्वास सोडा की आवं! वाजवायला जाताना पोट काय घरी ठिवून जानार हाय व्हय?" सगळं दुकान हसायचं, आणि पोट आपल्या जागी यायचं.

ती मावशीकडं वाढली. चंद्राबाई मावशीनं तिला सातव्या वर्षी उचलून सांगलीला आणलं, ते पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. आईबद्दल जाईला दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक, पारूबाई हसायला लागली की तीन घरांपलीकडं ऐकू जायचं. आणि दुसरी, तिला जाईच्या बापानं, सोपानानं, मारलं. पहिली तिला स्वतःला आठवत होती. दुसरी मावशीनं सांगितली होती.

सत्त्याहत्तर साली संक्रांतीच्या आधी लालासाहेब वकील काखेत आवळणारा काळा कोट घेऊन दुकानात आले. पावतीवर जाईनं सही केली, ती वाचून ते थबकले.

"जाई सोपान खरात? कराडजवळच्या आंबळवाडीच्या का तुम्ही?"

"व्हय."

"तुमच्या वडिलांची केस सातारला आमच्या थोरल्या वकिलांनी चालवली. मी तेव्हा नवाच होतो, कागद सांभाळायचो. सध्या वाईला शाळेत शिपाई आहेत ना ते?"

"असतील," जाई खाली बघत म्हणाली. "आमचा संबंध न्हाई. पुरावा कमी पडला म्हणून सुटलं."

"कागद वाचलेत कधी?"

"न्हाई."

"मग एकदा वाचा. तुमच्या आईचे कागद आहेत, परक्याचे नव्हेत."

आठ दिवसांनी कोट न्यायला आले तेव्हा त्यांनी सुतळीनं बांधलेला एक गठ्ठा टेबलावर ठेवला.

जाईनं तो दुपारी भाकरी खाऊन झाल्यावर सोडला. पहिलाच जबाब शेजारणीचा होता, आणि पोलिसांनी तो आपल्या भाषेत उतरवला होता: "घटनेच्या आदले दिवशी आरोपीने बाजारातून गोडेतेल आणण्याऐवजी तोंडाने वाजवण्याचा बाजा आणला. त्यावरून मयत पारूबाई हिने आरोपीस रेड्या असे संबोधिले. आरोपीने मयतास म्हैस असे संबोधिले. त्यानंतर आरोपीने बाजा वाजविला व मयत मोठ्याने हसली."

जाईला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू, दोन्ही एकदम. मास्तरांनी मशीन थांबवलं. "काय गं? कोर्टाच्या कागदात काय तमाशा लिहिलाय का?"

"मास्तर, माझी आई हाय ह्यात," ती म्हणाली. "जित्ती."

पुढं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. पौषातली तिन्हीसांज. आंबळवाडीच्या कालव्याच्या, पाणी सोडायच्या शेवटच्या दारापाशी पारूबाई पडलेली सापडली. डोक्यात चौकोनी टोकाच्या जड वस्तूचा घाव, असं डॉक्टरांनी लिहिलेलं. फौजदारांनी ठरवलं, कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू. सोपान त्या दिवशी पुन्हा कराडच्या बाजारात होता, पण शपथेवर सांगणारा कुणी मिळाला नाही. भांडणात पारूबाई "माझा जीव घे एकदाचा" म्हणाली होती, ते मात्र चौघांनी सांगितलं. कुठल्या घरातली बाई असं म्हणत नाही?

आणि मग पंचनाम्यातली ती ओळ आली. "प्रेताच्या उजव्या मुठीत एक पितळी बटण, मागील बाजूस कडी असलेले. आरोपीचे सदऱ्याचे दुसरे बटण तुटलेले आढळले, सबब सदरचे बटण त्याचेच आहे."

जाईनं ती ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा, मोठ्यानं.

"सदऱ्याला कडीचं बटण?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "कुणी येड्यानं लावलं?"

दोघांनाही सांगायची गरज नव्हती. सदऱ्याचं बटण दोऱ्यानं शिवतात. कडीचं बटण कोटाचं. कापडाला भोक पाडून कडी आत घालायची आणि मागून तारेची रिंग अडकवायची, म्हणजे कोट धुताना बटण काढून घासता येतं. असले कोट सरकार देतं, नाहीतर बँडवाले घालतात. शेतकऱ्याच्या सदऱ्यावर ते बसणारच नाही.

"पंधरा वर्षं!" जाई उठून उभी राहिली. "फौजदार, वकील, जज्ज, एवढी शिकलेली मानसं! एकालाबी दिसू नये?"

"बटण लावतात बायका, आनि पंचनामा लिहितात बाप्ये," मास्तर म्हणाले. "दिसनार कुठनं?"

पंचनामा लिहिणारा हवालदार तात्याबा आता पेन्शनीत होता. सातारला गोडोलीत राहतो, असं लालासाहेबांकडून कळलं. मावशीला अस्तराचं कापड आणायला जाते म्हणून सांगून जाईनं सकाळची एसटी धरली.

तात्याबा दारात गुलाबाच्या कुंड्यांना पाणी घालत होता. जाईनं नाव सांगितलं, तशी झारी त्याच्या हातातच राहिली. पाणी पायावर सांडत राहिलं तरी त्याला कळेना.

"पारूबाईची पोर?" तो म्हणाला. "आत ये, बाई. च्या घे."

चहा झाला. जाईनं बटणाचं सगळं समजावून सांगितलं, शिवणकामाची मास्तरीण असल्यागत. म्हातारा कान देऊन ऐकत होता.

"बटनावर आमच्या खात्याची खूण न्हाई, एवढं मी बघितलं हुतं," तो शेवटी म्हणाला. "पोलिसाचं न्हाई म्हटल्यावर लय बरं वाटलं. मग कुनाचं, ते इचारलंच न्हाई. फौजदारसायबांनी नवऱ्याला आधी धरला. धरल्यावर पुरावा गोळा करायचा, ही तवाची रीत. मी बी मान डोलावली."

"आंबळवाडीत असला कोट कोन घालायचं, तात्या?"

"कोन घालनार? पोस्टमन भाईरनं यायचा. तलाठ्याला कोट न्हवता. ऱ्हायला..." तो थांबला. "ऱ्हायला पाटकरी. कालव्याचं पानी सोडनारा. हरिबा."

जाईनं पंचनाम्याचं शेवटचं पान उलगडलं आणि त्याच्यापुढं धरलं. खाली दोन सह्या होत्या. पंच नंबर दोन: हरिबा, पाटकरी.

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारला. "आगं, प्रेत पयल्यांदा त्यानंच बघितलं म्हनून वर्दी दिली. लगोलग पंच म्हनून हुभा ऱ्हायला. आनि थंडी कसली म्हनशील! त्यो गडी नुसत्या कुडत्यावर कुडकुडत हुता. मी, ह्या तात्याबानं, माझं कांबळं त्याच्या अंगावर घातलं गं!"

"कोट कुठं हुता त्याचा?"

"त्येच तर इचारायचं हुतं, पोरी." तो उठला, खुंटीवरचा फेटा काढला. "चल. चूक माझ्या हातची हाय. तू एकटी कशी जाशील?"

हरिबा तीन वर्षांपूर्वीच वारल्याचं कराडच्या स्टँडवर कळलं. जाईचा जीव खट्टू झाला, पण तात्याबा परतायला तयार नव्हता. "मेला तर मेला. बायकू हाय न्हवं?"

आंबळवाडीत हरिबाची बायको बनुबाई शाळूच्या रानात माळ्यावर उभी राहून पाखरं राखत होती. हातात गोफण, डोक्याला फडकं आणि अंगात गुडघ्यापर्यंत आलेला पुरुषी खाकी कोट. तिचा एक खडा तात्याबाच्या फेट्याला घासून गेला, तसा तो ओरडला, "आगं ए, पाखरं तिकडं हायत!"

"मंग पाखरावानी गुमान का येताय? हाळी द्यावी मानसानं!" ती हसत खाली उतरली.

जाईचं लक्ष कोटावर होतं. चार बटणं पितळी होती, काळी पडलेली. वरून दुसरं मात्र साधं, शिंपल्याचं, चार भोकांचं. जुन्या भोकावर ठिगळ लावून ते जाड दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"आजी," ती म्हणाली, "ह्यातलं एक बटन वायलं हाय."

"व्हय. हरवलं हुतं."

"कवा?"

बनुबाई उत्तर द्यायच्या आधी जाईकडं नीट बघू लागली. हनुवटी, नाक, कपाळ. गोफण तिच्या हातातून खाली आली.

"तू पारूची," ती म्हणाली.

"व्हय."

म्हातारी बांधावर बसली. रडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि सरळ बोलायला लागली, जणू कालच सांगायचं राहून गेलं होतं.

"शेवटच्या दारावर तुमची अर्धा एकर वतनाची जिमीन. पाळी तुमची असली तरी ह्यो पानी वरच्या वरच वाटून टाकायचा. वरची मानसं थोरली, तुमी गरीब. पारू ऐकनाऱ्यातली न्हवती. रात्रीच्या शाळंत अक्षरं शिकली हुती ती. अर्ज लिवून आनला, म्हनाली, साताऱ्याला मोठ्या सायबाला देते. ह्यो अर्ज हिसकायला गेला, तिनं कोट धरला. ह्याच्या हातात दार उचलायची लोखंडी चावी हुती. एकच हानली. चावी कालव्यात टाकली आनि पळत घरी आला. कोटावर रगात हुतं. मला म्हनाला, धू. मी धुतला. बटन लावलं."

"आनि तोंड मिटलंस," तात्याबा म्हणाला.

"तुमी उघडाया आलात कवा? दारात येऊन एकानं इचारलं न्हाई. मी म्हनायची, कोनतरी येईल, इचारील, मग सांगू. कोन आलंच न्हाई. जीव जायच्या येळंला ह्यो मला म्हनला, सोपानाचं वाटुळं केलं मी." तिनं जाईचा हात धरला. "माझं बी चुकलं, पोरी. लय चुकलं."

जाईला वाटत होतं, राग येईल. राग आलाच, पण त्याहून मोठं काहीतरी छातीत उसळून वर आलं. बापानं मारलं नव्हतं. एवढंच डोक्यात घुमत राहिलं.

"आजी, हे सरकारापुढं सांगशील?"

"सांगीन. कोट बी देईन. पर थंडी सरूदे."

"मी दुसरा शिवून देते," जाई म्हणाली, आणि हा सौदा तिथंच पक्का झाला.

पुढचे दोन महिने लालासाहेब वकिलांनी तिचे कागद स्वतःचे समजून फिरवले. बनुबाईनं कराडला मॅजिस्ट्रेटपुढं जबाब दिला. तात्याबानं वाकडी सही करून आपला लिहून दिला, त्यात "माझी गफलत झाली" हे शब्द त्यानं हट्टानं घालायला लावले. आरोपी मयत असल्यानं खटला होणार नव्हता. पण फाइलवर पोलिसांच्या मोठ्या साहेबांनी लेखी शेरा मारला, की पारूबाईचा खून हरिबा पाटकऱ्यानं केला आणि तिच्या नवऱ्याचा त्यात काही हात नव्हता. त्याची नक्कल घेऊन जाई घरी आली आणि मावशीला वाचून दाखवली.

चंद्राबाईनं दोनदा वाचायला लावलं. मग चूल विझवली, नवं लुगडं नेसली आणि पिशवीत दशम्या भरल्या.

"कुठं निघालीस?"

"वाईला. दाजींची माफी मागायची हाय. तू यायचं तर ये."

एसटीत साताऱ्यापर्यंत मावशीनं माफीची वाक्यं पाठ केली. शेजारच्या बाईलाही म्हणून दाखवली. त्या बाईनं दोन दुरुस्त्या सुचवल्या.

शाळेची मधली सुट्टी चालू होती. मैदानात एक उंच, पिकल्या मिशीचा माणूस नळाशी पोरांची रांग लावत होता. मावशीची सगळी वाक्यं तिथंच सांडली. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि भर पोरांत मोठ्यानं म्हणाली, "दाजी, मी गाढव हाय!"

पोरं खिदळली. सोपान दचकून बघत राहिला.

"पारूला तुमी मारलं न्हाई. कागूद आलाय सरकारचा. पंधरा वर्सं मी तुमची लेक तुमच्यापास्नं तोडली." आणि मग तिचा आवाज फुटला. "मारा मला पायतानानं."

सोपानाची नजर तिच्या मागं उभ्या असलेल्या जाईकडं गेली. हात ओले होते, ते त्यानं सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले. पुढं यायचं धाडस होईना.

"आबा," जाई म्हणाली. एवढाच शब्द तिला सुचला.

"तुला ठावं झालं?" त्यानं विचारलं. "खरंच ठावं झालं?"

"सगळं."

तो नळाच्या कट्ट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग रडता रडताच मावशीला म्हणाला, "चंद्राबाई, तू लेक तोडली न्हाईस. वाढवलीस. मला जेलातनं सुटून आल्यावर तिला एक घास घालाया जमलं नसतं. रडू नगस, पोरं बघत्यात."

मुख्याध्यापकांनी दोन दिवसांची रजा दिली. पण सोपान लगेच निघेना. सुट्टी संपल्यावर तो जाईला वर्गावर्गातून घेऊन फिरला. प्रत्येक गुरुजींपुढं थांबायचा, छाती काढायचा आणि म्हणायचा, "ही माझी लेक. सांगलीला कोट शिवती. पोलिसांची चूक हिनं काढली." पाचवीच्या वर्गात तर त्यानं गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि गुरुजींनी भूगोल बाजूला ठेवून ऐकली. जाई लाजून दाराआड उभी होती. मावशी मात्र पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि सोपान काही विसरला की मधेच सांगू लागली.