तिसऱ्या सिलिंडरमधले अण्णा

रोपवाटिकेच्या फाटकापाशी सकाळी नऊलाच साठ-सत्तर माणसं जमली होती. पोस्टमन टपालाची पिशवी खांद्याला तशीच लावून उभा होता. न्हाव्यानं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं होतं, आणि ते गिऱ्हाईकही गळ्यात टॉवेल घेऊन त्याच्या मागोमाग आलं होतं. सगळ्यांचे डोळे एका जुन्या जीपवर होते. इंजिन चालू होतं आणि बॉनेटखालून मधूनच आवाज उठत होता: ठक, ठक.

"हा यंत्राचा आवाज नव्हे," टेकडीवरच्या आश्रमाचे नादबाबा डोळे मिटून म्हणाले. "अडकलेला जीव दार ठोठावतोय."

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंनी बॉनेटवर हात ठेवला. जीप त्यांच्या नवऱ्याची, अण्णांची. तीस वर्षं अण्णांनी हिच्यातून टेकडीवर रोपं वाहिली. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते आणि दोन महिन्यांपासून ही ठकठक सुरू झाली होती. विचारात असले की अण्णा बोटाच्या पेरानं टेबल वाजवायचे, ते असंच.

बाबांचा शिष्य स्टिअरिंगमागे ध्यान लावून बसला होता. "विचारा, ताई," बाबा म्हणाले. "होय असेल तर ठोके, नसेल तर शांतता."

"तुम्ही इथेच आहात का?"

ठक, ठक.

"माझ्यावर रागावलात?"

शांतता. बाईंनी पदरानं डोळे टिपले.

"ही गाडी आश्रमाला द्यावी, हीच इच्छा ना?" हा प्रश्न मात्र बाबांनी स्वतःच विचारला. उत्तर एवढं दणदणीत आलं, की न्हावी दोन पावलं मागे सरला.

मग बाबांनी मंतरलेल्या काढ्याच्या दोन बाटल्या इंजिनात ओतल्या. पाहता पाहता आवाज विरला. "जीव निवला," बाबा म्हणाले. "उद्या वीस भक्तांना घेऊन ही गाडी टेकडी चढेल."

बाईंनी चावी काढायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून कुणीतरी तो धरला. शेजारच्या शहरात मोटारदुरुस्ती शिकवणारी त्यांची लेक सकाळच्या बसनं आली होती. गावात तिला सगळे मास्तरीण म्हणत.

"आई, पंधरा मिनिटं थांब. इंजिन चालू राहू दे."

तिनं रिकामी बाटली हुंगली. "बाबा, काढ्याला गिअरबॉक्सच्या तेलाचा वास येतोय."

"दुर्मिळ वनस्पती आहे ती."

"हो, पिंपात उगवते."

न्हाव्याचं गिऱ्हाईक फसकन हसलं. मास्तरीण शिष्याला म्हणाली, "दादा, जरा खाली उतरून ध्यान लावा." शिष्यानं बाबांकडे पाहिलं, बाबांनी आभाळाकडे. तो उतरला. तिनं थ्रॉटलची दांडी ओढून इंजिनाचा वेग एकसारखा ठेवला. इंजिन तापलं, बाटल्यांतलं दाट तेल पातळ झालं आणि आवाज परत आला. आता तो थांबेचना.

"विचारा कुणीही," ती म्हणाली.

पोस्टमन पुढे झाला. "अण्णा, मी बाईमाणूस आहे का?"

ठक, ठक, ठक.

हशा पिकला. ठोके हवे तेव्हा वाजवायला नि थांबवायला ॲक्सिलरेटरवर आता शिष्याचा पाय नव्हता, त्यामुळे अण्णा सगळ्याच प्रश्नांना होय म्हणत होते.

मास्तरणीनं रबरी मुठीच्या पकडीनं चारपैकी पहिल्या सिलिंडरच्या प्लगची तार काढली. इंजिन अडखळलं, ठकठक तशीच. तार लावून दुसरी काढली. तशीच. तिसरी काढली आणि ठकठक जवळजवळ बंद पडली. तार लावली, परत सुरू.

"तार काढली की त्या सिलिंडरात भडका होत नाही, खालच्या बेअरिंगवर दणका बसत नाही," ती म्हणाली. "अण्णांचा जीव काय तिसऱ्याच खोलीत भाड्यानं राहतो?"

बाबांना तेवढ्यात दुसरीकडचं बोलावणं आठवलं. शिष्य त्यांच्याही पुढे फाटकाबाहेर पडला.

दुपारपर्यंत मास्तरणीनं तेल काढलं. त्यात चांदीच्या चुऱ्यासारखी चमक होती. मग तिनं इंजिनाचं खालचं पात्र उतरवलं आणि तिसऱ्या सिलिंडरच्या दांड्याचं बेअरिंग, अर्ध्या बांगडीसारखे दोन पत्रे, आईच्या तळहातावर ठेवले. वरचा करडा थर पार झिजून खालचं तांबं उघडं पडलं होतं.

"झीज झाली की फट वाढते. मग दांडा दर फेरीला आपटतो. उद्या चढावर तो तुटला असता, वीस माणसं गाडीत असताना."

बाईंनी पत्र्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी ते पुन्हा फिरवून पाहिलं.

"आई, तुला वाईट वाटलं का?" लेकीनं हळूच विचारलं.

"वाटलं. ह्यांच्याशी बोलणं तेवढंच उरलं होतं गं." मग बाई फाटकाशी रेंगाळलेल्यांकडे वळल्या. "पण पहिला ठोका ऐकल्याबरोबर ह्यांनी गाडी थांबवून झाकण उघडलं असतं. मी दोन महिने नुसती ऐकत बसले. तुम्ही तसं करू नका. आवाज कुठून येतो ते आधी बघा. कळलं नाही तर जाणत्याला विचारा, आणि त्यालाही म्हणा, दाखव."

त्यांनी पदर खोचला आणि जीपखाली सरकल्या. "पाना दे इकडे. बाकीची तीन बेअरिंगं मी उघडते."