पुराव्याशिवाय दुखत नाही

आमचे बंधुराज विमा कंपनीत दावे तपासतात. तपासतात म्हणजे नाकारतात. पाय मोडलेल्या माणसालाही ‘आधीपासूनच मोडका नव्हता ना?’ असं विचारणारा हा प्राणी. तिथे त्याचा पगार मिळतो, पण हा घरीही तेच दुकान मांडून बसतो. त्याची सहा वर्षांची लेक ठकी ‘पोट दुखतंय’ म्हणाली की प्रश्न तयार: नेमकं कुठे? कधीपासून? कशावरून? पोर अडखळली की दावा फेटाळला. वर चारचौघांत टेंभा, “आमची ठकी कधी कुरकुरत नाही!” अति शहाणा, त्याचा बैल रिकामा, दुसरं काय?

वहिनी परगावी गेली, तेव्हा सुट्टीच्या दिवशी त्याने ठकीला माझ्याकडे आणून सोडलं. “हिचा काही त्रास नाही,” असं म्हणाला, जणू कुंडीच ठेवून चालला होता.

मी शिवणाच्या मशीनवर होते. ठकी पायावर पाय आवळून उभी.

“शू आलीये का गं?”

“काही नाही, आत्या.”

“बरं. ते समोर मोरीचं दार. इथे कुणाला विचारावं लागत नाही.”

ती धूम पळाली. जेवताना तिने मलाच विचारलं, “आत्या, मला भूक लागलीये का?” मला भावाचा असा संताप आला की हातातला डाव त्याच्या टाळक्यात घालावासा वाटला. पण मी पोरीला काही विचारलं नाही. तिला प्रश्नांचंच अजीर्ण झालं होतं. दुपारभर ती माझ्या पायाशी बटणांच्या रांगा लावत बसली, आणि उन्हं कलताना माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून म्हणाली, “आत्या, पोटात काहीतरी होतंय. कुठे ते नाही सांगता येत. चालेल?”

“चालेल, बाळा.”

अंग चटके बसण्याइतकं तापलं होतं. भावाला फोन केला आणि तिला घेऊन दवाखाना गाठला. हा आमच्या आधी तिथे हजर.

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. “दुखतं?”

ठकीने बापाकडे पाहिलं. “नाही.”

“बघा, नाटक आहे,” भाऊ म्हणाला.

“तू बाहेर हो,” मी म्हटलं. बाईंनीही मान हलवली. तो नाक फुगवून गेला.

दार लागलं. ठकीने माझं बोट घट्ट धरलं. “इथे,” म्हणाली आणि उजवीकडे खाली हात ठेवून हमसाहमशी रडली. सकाळपासून दुखत होतं. बाई म्हणाल्या, “अपेंडिक्स वाटतंय. आत्ताच्या आत्ता मोठ्या इस्पितळात न्या.”

मी त्याला आत बोलावलं. दारातूनच त्याने सवयीने तोंड उघडलं, “कधीपासून दुखतंय?”

ठकीने हुंदका गिळला. सरळ झोपली. “नाही दुखत, बाबा.”

बाईंचा हात अजून तिच्या पोटावरच होता.

“तुम्ही बाहेरच थांबा,” त्या म्हणाल्या.

या वेळी त्याने ‘कशावरून’ विचारलं नाही.